दुष्काळाचे साक्षीदार : दामाजीचे कोठार, बस्तरची गुहा आणि बावन हक्क

१

सोलापूर जिल्ह्यात दामाजीपंताची गोष्ट ठाऊक नाही असे घर शोधून सापडणार नाही. दुष्काळ पडला, माणसे पटापट मरू लागली. मंगळवेढ्याच्या ठाण्यावरील अधिकारी दामाजीपंत याने बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार हुकमाची वाट न पाहता रयतेला खुले केले. बादशहा खवळला. दामाजीला धरून नेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा पंढरीचा विठोबा विठू महार झाला, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन बेदरच्या दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेऊन परतला. कीर्तनकार ही गोष्ट सांगतो तेव्हा ती देवाच्या दयेपाशी संपते. आमच्या वस्तीत मात्र ती दोन तऱ्हांनी ऐकली गेली. जुनी माणसे म्हणत, "देवालासुदिक आमचं रूप घ्यावं लागलं." १९५६ नंतर शिकलेली पिढी म्हणू लागली, ही भाकडकथा आहे, हिने आम्हाला चारशे वर्षे खोटा दिलासा दिला, ती फेकून द्या.

दोन्ही प्रतिक्रियांमागचे मन मला कळते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला कथेपुढे हात जोडूनही चालत नाही आणि ती फेकूनही चालत नाही. त्याने तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले पाहिजे आणि तिची उलटतपासणी घेतली पाहिजे. साक्षीदार खोटे बोलत असला तरी त्याच्या तोंडून काही खरे निसटते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक असते.

म्हणून या लेखात मी दामाजीची भक्ती तपासणार नाही. मला तीन प्रश्न विचारायचे आहेत. पाच-सहाशे वर्षांपूर्वी या मुलखात पावसाने खरोखर पाठ फिरवली होती काय? फिरवली असेल तर ते कशाच्या आधारे ठरवायचे? आणि त्या दुष्काळाचा महारांच्या गावातल्या स्थानाशी काही संबंध होता काय? पहिल्या दोन प्रश्नांची बरीचशी उत्तरे आता निसर्गविज्ञानाने दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र कागद, दंतकथा आणि दगड एकत्र वाचल्याशिवाय हाती लागत नाही.

ही वाट मी नव्याने काढलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले आहे की, पुराव्याची साखळी जिथे तुटते तिथे इतिहासकाराने हातपाय गाळून बसू नये. उपलब्ध दुवे हाती धरून, तर्काने आणि शिस्त लावलेल्या कल्पनाशक्तीने मधली जागा सांधावी. याच ग्रंथात त्यांनी महारांच्या बावन हक्कांच्या परंपरेचा विचार केला आहे. हे हक्क बेदरच्या मुसलमान राजांनी दिले असे महार सांगत आले. बाबासाहेबांनी ती परंपरा हसण्यावारी नेली नाही आणि जशीच्या तशी स्वीकारलीही नाही. त्यांनी तिच्यातून अनुमान काढले की हक्क फार जुने असले पाहिजेत आणि बेदरच्या राजांनी त्यांवर फक्त शिक्कामोर्तब केले असले पाहिजे. ही रीत मला पटते. पण तिच्यापुढे एक प्रश्न उरतोच. हक्क जुनेच होते, तर त्यांवर नव्याने शिक्का मारून घेण्याची वेळ का आली? आणि ती नेमकी बेदरच्या काळातच का आली?

२

आधी कागदांची साक्ष घेऊ. दख्खनच्या जुन्या दुष्काळांत सर्वांत भयंकर म्हणून ज्याचे नाव राहिले तो दुर्गादेवीचा दुष्काळ. परंपरेने त्याचा काळ १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगितला जातो. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात त्याने या दुष्काळाची हकिकत नोंदवली आहे. गोदावरी आणि कृष्णा यांच्यामधला मुलूख ओस पडला, पुढे तीस वर्षांवर सरकारला तिथून नाममात्र वसूल मिळाला, डोंगरी किल्ले पुंड लोकांच्या हाती गेले, असे तो सांगतो. त्यानंतर १८८४ साली निघालेल्या सोलापूरच्या सरकारी गॅझेटियरसारख्या ग्रंथांतून हीच हकिकत फिरत राहिली.

कोणताही चिकित्सक वाचक इथे अडेल, आणि त्याने अडावेच. दुष्काळ १३९६ चा, लेखक १८२६ चा. मध्ये सव्वाचारशे वर्षे गेली. बारा वर्षे सलग पाऊस पडला नाही हे कसे मानायचे? भारतात बारा या आकड्याची हौस मोठी आहे. वनवास बारा वर्षांचा, तप बारा वर्षांचे, तसा दुष्काळही बारा वर्षांचा. शिवाय दुष्काळाला देवीचे नाव आहे. ज्या आपत्तीला देवीचे नाव मिळते तिच्यात देवीचा कोप आणि माणसाचे पाप शोधले जाते, आणि पाप कोणाच्या माथी मारायचे हे गावाला नेहमीच ठाऊक असते.

दुसरा साक्षीदार फिरिश्ता. त्याने आपला फारसी इतिहास सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आश्रयाने लिहिला, म्हणजे तोही दोनशे वर्षे उशिराचा. पण त्याच्यापुढे जुने फारसी ग्रंथ होते. बहमनी सुलतान दुसरा महंमदशहा याने १३७८ ते १३९७ पर्यंत राज्य केले. त्याच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला आणि माळवा-गुजरातेतून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल कामाला लावले गेले, असे फिरिश्ता सांगतो. इथे धान्याची वाहतूक आहे, बैल आहेत, दूरचे प्रांत आहेत. देवीचा कोप नाही. दोन साक्षीदार एकमेकांना ओळखत नाहीत, निराळ्या भाषेत बोलतात, आणि तरी चौदाव्या शतकाच्या शेवटी दख्खनमध्ये उपासमार होती इतक्यापुरते त्यांचे जमते.

तिसरा साक्षीदार महिपती. ताहराबादच्या या कवीने १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. दामाजीची कथा आज आपण ज्या रूपात ऐकतो त्या रूपाला त्याच ग्रंथाने महाराष्ट्रभर पोचवले. लोक सांगताना दामाजीचा दुष्काळ आणि दुर्गादेवीचा दुष्काळ एकच करून टाकतात. पण कथेतच एक खूण आहे. तिच्यातला बादशहा बेदरचा आहे. बहमनी राज्याची राजधानी आधी गुलबर्ग्यास होती; अहमदशहाने ती १४२० च्या दशकात बेदरला नेली. दुर्गादेवीचा दुष्काळ संपला त्या वर्षी बेदरला बादशहाच नव्हता! तेव्हा दामाजीचा दुष्काळ निराळा आणि नंतरचा असला पाहिजे. गॅझेटियरकारांनी तो १४६० च्या सुमारास घातला आहे, तो या खुणेशी जुळतो. म्हणजे आपल्यापुढे एक नव्हे, दोन दुष्काळ आहेत. एक चौदाव्या शतकाच्या शेवटचा, दुसरा पंधराव्याच्या मध्याचा. लोकस्मृतीने दोन्हींची एक मोळी बांधली.

३

आता दगडाकडे वळू. छत्तीसगडच्या बस्तर भागात कांगेर खोऱ्यात दंडक नावाची चुनखडीची गुहा आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, चुना विरघळवत खाली उतरते आणि गुहेच्या छतातून थेंबाथेंबाने गळते. प्रत्येक थेंब चुन्याचा एक सूक्ष्म कण मागे ठेवतो. शतकानुशतके असे होत राहिले की गुहेच्या जमिनीतून एक दगडी सुळका वर येतो आणि त्यात झाडाच्या खोडासारखे थर पडतात. पाण्यातल्या प्राणवायूचे हलके आणि जड असे प्रकार असतात. पाऊस भरपूर झाला की थरात जडाचे प्रमाण घटते, पाऊस कमी झाला की ते वाढते. त्याच दगडात अत्यल्प युरेनियम असते. त्याचे ठरावीक वेगाने थोरियममध्ये रूपांतर होते. त्या दोहोंचे प्रमाण मोजले की थराचे वय कळते. म्हणजे तो सुळका ही पावसाची वही आहे, आणि ती कोणा कुलकर्ण्याच्या हातची नाही.

२००७ साली शास्त्रज्ञांनी या गुहेतील सुळक्यावरून इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख प्रसिद्ध केला. त्यात दोन मोठे खड्डे दिसतात. चौदाव्या शतकात मॉन्सून वर्षानुवर्षे दुबळा राहिला, आणि पुन्हा पंधराव्या शतकाच्या मध्यास तसेच झाले. वाचकांनी आपण वर कागदांवरून काढलेल्या दोन दुष्काळांशी हे ताडून पाहावे. दगडाने महिपती वाचलेला नाही आणि महिपतीने गुहा पाहिलेली नाही.

बस्तर सोलापूरपासून शेकडो मैल दूर आहे, मग तिथला दगड मंगळवेढ्याची साक्ष कशी देईल, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. एखाद्या वर्षी बस्तरात पूर आणि माणदेशात धुरळा हे होऊ शकते. परंतु दशकानुदशके मॉन्सून दुबळा राहतो तेव्हा तो एका तालुक्यापुरता दुबळा राहत नाही. व्हिएतनाममधील जुन्या वृक्षांची वर्तुळे मोजून २०१० साली निघालेल्या निष्कर्षांतही चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या आरंभापर्यंत लांबलेले दुष्काळ दिसले. कंबोडियातल्या अंगकोर या महानगराच्या पडझडीला त्यांचा हातभार लागला असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे सोलापूरच्या माळरानावर जे घडले ते आशिया खंडभर वाहणाऱ्या एका वाऱ्याच्या आजारपणाचे फळ होते. कोणत्या गावच्या विटाळाने देवी कोपली, कोणाच्या सावलीने पाऊस अडला, या सगळ्या बडबडीला त्या चुन्याच्या सुळक्याने उत्तर दिले आहे.

ज्यांना ही विद्या परकी वाटत असेल त्यांनी लक्षात घ्यावे की पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासकांनी ठाणे भागातल्या सागाच्या वर्तुळांवर १९८० च्या दशकातच काम केले होते. पुढे केरळातल्या सागाच्या वर्तुळांवरून १४८१ पासूनची, पाचशेहून अधिक वर्षांची मालिका त्यांनी उभी केली.

पण दगडाची जीभ एवढीच चालते. पाऊस पडला नाही हे तो सांगतो. धान्य कोणाच्या कोठारात होते हे सांगत नाही. त्यासाठी माती उकरावी लागते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे एक आख्खे शेतकरी गाव उजेडात आणले. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात तिथे ऐसपैस चौकोनी घरे होती. त्यांत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, आणि त्या घराला लागून धान्याचे कोठार होते. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले. ढवळीकरांनी याचे कारण कोरडे पडत गेलेले हवामान असे दिले. अलीकडच्या काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे आणि तो वाद चालू आहे. तो वाद सुटो वा न सुटो, एक गोष्ट जमिनीतच दिसते. लिपी नव्हती, जातीची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण कोठार कोणाच्या दाराशी होते हे त्या मातीला ठाऊक आहे.

४

आता तिसरा प्रश्न. पुन्हा ग्रँट डफकडे जाऊ, कारण दुष्काळ संपल्यानंतरची हकिकत त्याच्याकडे आहे आणि ती फारशी कोणी लक्षपूर्वक वाचत नाही. तो सांगतो की १४२९ मध्ये बेदर दरबाराने मलिक-उत्-तुज्जार याला ओसाड मुलूख पुन्हा वसवण्यास धाडले. बरोबर दादो नरसू काळे नावाचा अनुभवी ब्राह्मण कारभारी आणि दरबारातला एक तुर्की खोजा होता. गावांच्या जुन्या सीमा विसरल्या गेल्या होत्या. मग दोन-तीन ओस गावे मिळून एक गाव केले. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याच्या तोबऱ्याइतके धान्य.

हे वाचताना माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला : गावाची शीव विसरली गेली म्हणजे काय झाले? मराठी मुलखात शीव कोणाच्या ध्यानात असे? पाटलाच्या नव्हे, कुलकर्ण्याच्या दप्तरातही नव्हे. शीव महाराच्या ध्यानात असे. दोन गावांत सीमेचा तंटा पडला की महाराने चालून दाखवलेली वाट प्रमाण मानली जाई. तेव्हा शीव विसरली गेली याचा अर्थ शीव सांगणारा महार उरला नव्हता. तो मेला होता किंवा परागंदा झाला होता. सरकारी हकिकतीत महारांच्या मरणाची नोंद नाही. पण पुसलेल्या सीमा हीच ती नोंद आहे असे मी समजतो.

आणि तो आधी मेला असणार याचे कारण देवीच्या कोपात शोधायला नको. बलुते म्हणजे पिकातला वाटा. पीक नाही तर वाटा नाही. कुणब्याच्या पेवात मागच्या सालची चार मण ज्वारी असू शकते, सावकाराच्या घरी त्याहून जास्त. महाराच्या घरी खळ्यावरून आलेल्या सुपाभर धान्याखेरीज साठा कुठून असणार? दुष्काळात माणसांआधी गुरे मरतात, आणि मेलेले ढोर ओढण्याचे काम महाराकडे होते. काही दिवस त्या मांसावर निघत. मग गुरेही संपत. ज्याच्या हक्काचा सगळा डोलारा दुसऱ्याच्या शेतावर आणि दुसऱ्याच्या मेलेल्या ढोरावर उभा, त्याचा दुष्काळातला क्रम सांगायला वेगळा शिलालेख लागत नाही.

आता दोन्ही टोके जुळवून पाहू. दुष्काळाने गावे मोडली. १४२९ च्या सुमारास बेदरने ती पुन्हा बसवली. गाव नव्याने बसते तेव्हा जमिनीबरोबर गावकीही नव्याने बसवावी लागते. वेसकर कोण, सांगावा कोण नेणार, वसूल ठाण्यावर कोण पोचवणार, आणि त्या बदल्यात त्याला काय मिळणार, हे सारे पुन्हा ठरवावे लागते. महार नसेल तर गावकी चालत नाही. म्हणून त्याला बोलावून आणावे लागते आणि कबूल काय ते बोलावे लागते. बावन हक्क बेदरच्या बादशहाने दिले ही आमच्या पूर्वजांची सांगी या वेळेची आठवण असावी, असे माझे अनुमान आहे. बाबासाहेबांनी म्हटले तसे हक्क जुने होते, बेदरने शिक्का मारला. आणि शिक्क्याची गरज पडली ती मधल्या दुष्काळाने जुनी घडी विसकटली म्हणून. हे सिद्ध झालेले सत्य म्हणून मी मांडत नाही. पण दगडातले थर, ग्रँट डफची हकिकत, राजधानीची तारीख आणि महारांची परंपरा, या चार निरनिराळ्या जागच्या साक्षी एकाच कालखंडाकडे बोट दाखवतात. हा योगायोग म्हणून सोडून देणे मला इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

याच उजेडात विठू महार पुन्हा पाहावा. देवाने महाराचेच रूप का घेतले? कीर्तनकार सांगेल, देवाला उच्चनीच नाही म्हणून. पण कथेतल्या देवाला ठाण्यावरून राजधानीला सरकारी रक्कम पोचवायची होती, आणि मराठी गावगाड्यात सरकारी वसूल डोक्यावर वाहून नेणारा माणूस महारच होता. ब्राह्मणाच्या रूपातला देव पैशांची थैली घेऊन बेदरच्या वाटेने चालत निघाला असता तर ऐकणाऱ्याला ते पटले नसते. भक्तिकथेने नकळत महारकीच्या वेठीची नोंद करून ठेवली आहे. धान्य वाटल्याचा कीर्तिमान दामाजीला गेला, दया देवाची ठरली, आणि ज्याने ओझे वाहिले त्याच्या वाट्याला फक्त वेष आला.

मंगळवेढ्याच्या मातीत याच्याही आधीचे एक मरण आहे. चोखामेळा याच गावात शके १२६० म्हणजे १३३८ मध्ये गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून इतर मजुरांबरोबर गाडला गेला, असे परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत त्याला राहता येत नव्हते ते गावकूस बांधताना तो मेला. भिंत पडणे हा अपघात म्हणता येईल. भिंतीखाली कोण उभे होते, हा अपघात नव्हे. दुष्काळाचेही तसेच आहे. पाऊस न पडणे हे निसर्गाचे. त्यात कोणी मरायचे हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

५

जुन्या काळाबद्दल मी अनुमानाने बोललो. ते अनुमान कितपत टिकते हे पाहायचे तर ज्या दुष्काळाचा कागद भरपूर आहे तो घ्यावा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ तसा आहे. मुंबई इलाख्यात सोलापूर आणि कलादगी या जिल्ह्यांना त्याचा सर्वांत कडक तडाखा बसला. आता पर्जन्यमापक होते, खानेसुमारी होती, आगगाडी तर १८६० मध्येच सोलापूरला आली होती. दूरचे धान्य आणायला बैलांची गरज उरली नव्हती. तरी माणसे मेली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतक्यावर आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून त्याचा निषेध केला. एक पौंड म्हणजे आपले अर्ध्या किलोहूनही कमी. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची.

त्या काळाची सावित्रीबाई फुल्यांची साक्ष आपल्यापाशी आहे. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतूरहून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. गावे सोडून जाणारी माणसे, चाऱ्यावाचून पडणारी जनावरे, सावकारांची लूट आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांचे काम हे सारे त्या पत्रात आहे. सरकारी अहवाल पौंड मोजतो. सावित्रीबाईंना माणूस दिसतो. दोन्ही कागद हवेत, पण दुसऱ्या जातीचे कागद फार थोडे उरले आहेत, कारण लिहिण्याचा हक्कच थोड्यांना होता.

आणि कागद नसतील तिथे माती आहे. पंढरपूरच्या उत्तरेला आष्टीचा तलाव आहे. त्याच्या बांधाचे काम त्या दुष्काळातल्या मजुरांच्या हातून झाले. प्रवासी तिथले पाणी पाहतात, पाखरे पाहतात. मला तो बांध एक दस्तऐवज वाटतो. त्यातली प्रत्येक पाटी कोणा उपाशी माणसाच्या डोक्यावरून आली आहे. बस्तरच्या सुळक्यात पावसाचा हिशेब आहे, आष्टीच्या बांधात भुकेचा.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्या हाताच्या अंतरावर आहे. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, लाल मिलो, सुकडी हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे अजून आपल्यात आहेत. माझी आई त्या कामावर खडी फोडत होती. कामावर सगळ्यांचा हजेरीपट एकच होता, पण पाण्याचे माठ दोन होते. त्याच १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात सवर्णांच्या विहिरीचे पाणी घेतले म्हणून दलित स्त्रियांची विटंबना झाली, आणि त्या वर्षीच्या अशा घटनांच्या संतापातून दलित पँथर उभी राहिली. पाचशे वर्षांनंतरचा कोणी शास्त्रज्ञ गुहेतला थर पाहून म्हणेल, १९७२ मध्ये पाऊस कमी झाला. त्याचे म्हणणे खरे असेल. पण पाण्यासाठी रांगेत कोण मागे उभे होते हे त्याला कोणी सांगायचे?

हक्कांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. बेदरच्या शिक्क्याची ती भाकर गळ्यातला फास झाली. हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यापायी आणि बलुत्यापायी महार चोवीस तासांचा सरकारी नि गावकीचा चाकर झाला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हा फास सोडवण्यासाठी. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. एकाने कृपेच्या भाकरीतून सोडवले, दुसऱ्याने कामाची भाकरी हक्क म्हणून मान्य केली. दामाजीच्या कोठाराची कथा पाचशे वर्षे गाऊन जे झाले नाही ते या दोन कायद्यांनी निदान कागदावर तरी आणले. कोठार उघडणारा दयाळू अधिकारी भेटावा ही प्रार्थना करीत बसण्यापेक्षा किल्ली कोणाच्या हाती असावी याचा कायदा करणे शहाणपणाचे, हा धडा मी या इतिहासातून घेतो.

६

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विशेषतः शिक्षक-विद्यार्थ्यांना माझे एक मागणे आहे. गुहेतला दगड मोजायला प्रयोगशाळा लागते. ते शास्त्रज्ञ करतील. आपले काम निराळे आहे आणि ते दुसरे कोणी करणार नाही. आपल्या गावातल्या बुजलेल्या पेवांच्या जागा लिहून ठेवा आणि ती कोणाच्या वाड्यात होती तेही लिहा. पाझर तलावाच्या बांधावर जाऊन तो कोणत्या साली, कोणत्या वस्तीच्या हातांनी झाला ते विचारा. जुने हजेरीपट वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांच्या नकला करा. १९७२ मध्ये ज्या बायका कामावर होत्या त्या आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. कोणत्या आडाचे पाणी कोणाला मिळत होते, कोणत्या महिन्यात काय खाल्ले, कोण गाव सोडून गेले आणि कोण परत आले नाही, हे विचारा.

विठू महाराची गोष्टही टिपून घ्या. तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी नव्हे. प्रत्येक वस्तीत ती थोडी निराळी सांगतात. कुठे बावन हक्क येतात, कुठे येत नाहीत. त्या फरकांतच आपल्या लोकांनी जपलेली माहिती आहे. ज्यांना लिहू दिले नाही त्यांनी गोष्टीत लिहून ठेवले. ती गोष्ट आता दगडाशेजारी ठेवून तपासता येते, एवढी सोय या पिढीला झाली आहे. तिचा उपयोग आपण केला नाही, तर पुढच्या दुष्काळाचा इतिहासही कोठाराचा मालकच लिहील.